हंड्याचा श्वास

हंड्यावर एक पिवळी टोपी पडली होती.

पोहताना घालतात तसली. रबरी, डोक्याला चिकटून बसणारी, हनुवटीखाली पट्टा असलेली. कागद गिरणीचे मालक सकाळची फेरी मारायला वर आले, त्यांना ती दिसली आणि त्यांचं टाळकंच सटकलं. कुणाचा हा चावटपणा? त्यांनी कठड्याला टेकवलेला लांब आकडा उचलला, टोपीच्या पट्ट्यात अडकवला आणि ओढला.

टोपी येईना.

मालकांनी पाय रोवून जोर लावला. मग टोपी आली. टोपीखालून डोकं आलं, आणि डोक्यामागून बाकीचा जावई.

मालकांचा एकुलता एक जावई. गिरणीचा मॅनेजर. पोहण्याची इतकी पदकं मिळवलेला, की ती ठेवायला त्याने वेगळं कपाट करून घेतलं होतं.

तो बुडून मेला होता.

*

इन्स्पेक्टरबाई लोखंडी जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांनी आधी नाकाला रुमाल लावला. मग तो काढला. मग एक दीर्घ श्वास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

त्यांचं नाक फार तिखट होतं. शहरातले चोर म्हणायचे, बाईंपासून लपायचं तर आधी आंघोळ करा.

"हवालदार, कसला वास येतोय?"

हवालदारांनी हुंगून पाहिलं. "कसला नाही, मॅडम. म्हणजे... कुंडीतल्या ओल्या मातीसारखा."

"हं," बाई म्हणाल्या आणि कठड्यावरून आत वाकल्या.

हंडा म्हणजे दोन मजले उंचीची पोलादी टाकी. वरून उघडी, भोवती जाळीचा कट्टा आणि कठडा. पूर्वी गिरणीचं घाण पाणी साफ करायला मागे तळ्याएवढे हौद होते. आता सगळं काम हा एकटा हंडा करायचा, एका खोलीएवढ्या जागेत. या क्षणी त्यात पाणी दिसतच नव्हतं. बाटलीच्या झाकणाएवढ्या प्लॅस्टिकच्या चकत्या, लाखो चकत्या, एकमेकींना खेटून वर तरंगत होत्या. तपकिरी, बुळबुळीत. पाय ठेवावा आणि चालत पलीकडे जावं अशी जमीनच जणू.

कठड्यावर लाल अक्षरांत पाटी होती: हवा सुरू असताना आत पडल्यास पोहता येत नाही.

"या चकत्या नेहमी अशा वरच असतात?" बाईंनी विचारलं.

"नाही. खालून ब्लोअरने हवा सोडतो आम्ही. तेव्हा सगळं उकळल्यासारखं घुसळत असतं. हवा बंद झाली की चकत्या वर येतात."

उत्तर देणारी गिरणीची लॅब सांभाळायची. पांढरा कोट, कानामागे पेन्सिल. तिचा धाकटा भाऊ याच हंड्यावर ऑपरेटर होता. तो तिला ताई म्हणायचा म्हणून अख्खी गिरणी ताई म्हणायची, मालकसुद्धा; आणि त्याला नुसतं भाऊ.

"आणि ही बुळबुळ?"

ताईचा चेहरा उजळला. खाली ओल्या चादरीत माणूस गुंडाळून ठेवलेला आणि हिचा चेहरा उजळला!

"हे जिवाणू आहेत, मॅडम. चकतीच्या प्रत्येक कोपऱ्यात त्यांचं घर. पाण्यातला लगद्याचा, लाकडाचा सगळा मळ खातात. पहिला थर धरायला किती महिने लागले मला! एक चमचा गाळापासून वाढवलेत मी." ती थांबली. "हवा कधी सुरू करायची? पंचनामा किती वेळ चालेल?"

"घाई आहे?"

"त्यांना श्वास लागतो," ताई म्हणाली.

*

मालकांच्या केबिनमध्ये पंखा फुल होता, तरी मालक घामाने निथळत होते.

"जावई आत उतरलेच कशाला?"

"बाहेरच्या तोंडाला जाळी आहे ना, चकत्या वाहून जाऊ नयेत म्हणून. ती लगद्याने तुंबते. मग कुणीतरी हवा बंद करून आतल्या शिडीने उतरतं आणि जाळी खरवडतं. नियमाने असं करायचं नाही. पण जावईबापूंना मिरवायची हौस. टोपी घालून, सूर मारून... काल संध्याकाळपासून दिसले नव्हते, आम्हाला वाटलं रात्रपाळीला थांबले." मालकांनी डोळे पुसले.

"आणि ते आत असताना कुणी हवा सुरू केली तर?"

"शक्यच नाही! आमच्याकडे रीत आहे. ब्लोअरच्या पेटीला कुलूप. जो आत उतरेल त्याने हवा बंद करायची, कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घालायची."

किल्ली प्रेताच्या गळ्यात होतीच. बाईंनी स्वतः पाहिली होती.

"दुसरी किल्ली?"

"हरवली. ताईकडे असायची, तिनेच सांगितलं मागे कधीतरी."

"जावयांचं कुणाशी वाकडं?"

मालक उसळले. "त्या ऑपरेटरशी! काल दुपारी जावईबापूंनी त्याला जाळी साफ कर म्हणून सांगितलं. तो म्हणे, मला पोहता येत नाही. मग बापूंनी त्याच्या तोंडावर लगद्याचा ओला बोळा फेकून मारला. सगळ्यांसमोर. गंमत हो, तरुण माणसं आहेत! तर हा म्हणतो कसा, एक दिवस याच हंड्यात बुडवीन तुम्हाला. पन्नास माणसांनी ऐकलंय."

"गंमत," बाई म्हणाल्या.

"आणि राग आजचा नाही. बापू हंडा काढून टाकणार होते. येत्या आठवड्यात त्यात ब्लीच ओतायचं, सगळं मारून धुऊन टाकायचं आणि त्या जागी पोहण्याचा तलाव बांधायचा."

"आणि गिरणीचं पाणी?"

मालकांनी खिडकीबाहेरच्या ओढ्याकडे पाहिलं, मग चटकन टेबलाकडे. "बघितलं असतं काहीतरी."

"हे ऑपरेटरला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. तो तर आकांडतांडव करत होता. ताईला बघा, तिने सगळं वाढवलेलं, पण शहाणी मुलगी. बरं सर, म्हणाली. हसली आणि कामाला लागली."

*

भाऊ कट्ट्यावर उभा होता. गेला तासभर त्याचा उजवा पाय एका जागेवरून हलला नव्हता.

"पाय उचल," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"काय?"

"ऐकू येत नाही का? पाय."

त्याने पाय उचलला. खाली पत्र्यावर पांढरे बारीक दाणे होते. काही चिरडलेले, काही गोलच्या गोल.

"साखर?"

"युरिया," तो पुटपुटला. "कागदाच्या पाण्यात नुसता मळ असतो, तेवढ्यावर जिवाणूंचं भागत नाही. म्हणून वरून युरिया टाकायचा. सकाळी एकदा."

"आज टाकलास?"

त्याची नजर बाजूच्या बादलीकडे गेली.

"बाजूची बादली ओली आहे. दाणे कोरडे आहेत, म्हणजे ताजे. कुणीतरी आज यांना जेवू घातलंय. खाली माणूस मरून पडलेला, आणि वरून जेवण! कोण टाकतं युरिया?"

"मी. नाहीतर ताई."

"आज कोणी टाकला?"

भाऊने कठडा घट्ट धरला. हाताच्या शिरा टरारून आल्या.

"मी," तो म्हणाला. "मीच मारलं त्यांना. लिहून घ्या."

हवालदारांच्या हातातला पेन खाली पडला.

"कसं मारलंस?"

"काल संध्याकाळी ते आत उतरले होते. मी वरून आकड्याने खाली दाबून धरलं. मेले. मग मी घरी गेलो."

"हवा?"

"हवा काय? बंदच होती. त्यांनीच बंद केली होती. मग रात्रभर बंदच राहिली, किल्ली त्यांच्या गळ्यात होती ना."

इन्स्पेक्टरबाईंनी त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचं पोर. हनुवटीवर कालच्या लगद्याचा वाळका ठिपका अजून तसाच.

"घाला बेड्या," त्या म्हणाल्या. "आणि हवालदार, हंडा सील करा. पाण्याचा नळ बंद, ब्लोअर बंद. माझ्या परवानगीशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही. मालकांना सांगा, गिरणी आज बंद."

*

लॅबच्या खिडकीतून हंडा समोरच दिसत होता. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि त्याच्या शेजारी एक मोठी काचेची बरणी, गढूळ पाण्याने आणि तपकिरी चकत्यांनी गच्च भरलेली. माशांच्या पेटीला असतो तसला छोटा पंप तिच्यात बुडबुडे सोडत होता.

"ही काय पाळीव आहेत?" बाईंनी बरणीकडे हात नेला.

ताईने बरणी पटकन स्वतःकडे ओढली. "नमुना आहे. हात घातला की बिघडतो."

पण तिच्या स्वतःच्या कोटाची बाही मनगटापर्यंत ओली होती.

बाई समोर बसल्या. "तुमच्या भावाने कबुली दिली."

"हो, ऐकलं."

"त्याला जन्मठेप होईल."

"वकील करू," ताई म्हणाली. तिची नजर खिडकीबाहेर होती. "मॅडम, ऊन वाढलंय. आतलं पाणी गरम आहे. हवा सुरू केली नाहीत तर..."

"तर काय?"

"गुदमरतील."

"आई-वडील आहेत तुम्हाला?"

"नाहीत. ह्याला मीच वाढवलं." हे तिने हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. "निदान अर्धा तास तरी हवा सोडू द्या. पुराव्याला काय होणार आहे?"

खाली अंगणातून भाऊला बेड्या घालून नेत होते. त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. एकदा. मग पुन्हा एकदा.

ताई हंड्याकडे पाहत होती.

टेबलावरचा फोन वाजला. पोलिसांच्या डॉक्टरांचा. बाईंनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. डॉक्टर सांगत होते, मृत्यू बुडूनच. डोक्याला मार नाही, मानेवर, खांद्यावर कुणी दाबल्याचा वण नाही. पण कातडी सगळीकडून सोलवटलीय, बारीक किसणीवर घासावी तशी. आणि ती मेल्यानंतर सोलवटलीय.

"हवालदार," बाई दाराशी जाऊन हळूच म्हणाल्या, "आता काही करायचं नाही. खुर्च्या बाहेर काढा, हंड्याच्या खाली. सगळ्यांना बसवा. ऑपरेटरलाही परत आणा. आपण वाट बघायची."

"कशाची, मॅडम?"

"वासाची."

*

दुपार तापत गेली. पोलादी टाकीवरून झळा उठत होत्या. मालक पेपराने वारा घेत होते. भाऊ बेड्यांसकट जमिनीवर बसला होता. ताईला खुर्ची दिली होती, पण ती बसेना. लॅबच्या दारापाशी उभीच.

इन्स्पेक्टरबाई मात्र मजेत होत्या. त्यांनी हवालदारांना त्यांच्या मुलीच्या शाळेबद्दल विचारलं, मालकांना कागदाचा रीम कसा मोजतात ते विचारलं. क्रूर बाई होती, खरंच. मधूनच त्या नाक वर करायच्या आणि हुंगायच्या.

ताई पुन्हा आली. "मॅडम, प्लीज."

"भावाला पाणी हवं का, विचारलंत का हो?" बाई म्हणाल्या.

ताई गोंधळली. "काय? हं... विचारते." आणि न विचारताच परत गेली.

आणि मग तो आला. आधी एक पुसट झुळूक. मालकांनी नाक मुरडलं. मग दुसरी, दाट, घशात बसणारी. सडक्या अंड्यांचा वास. वर तपकिरी चकत्यांच्या कडा काळवंडायला लागल्या होत्या.

"शी! मेलं काय आत?" हवालदार बोलून गेले आणि त्यांनीच जीभ चावली.

ताईच्या तोंडून एक आवाज निघाला. रडणं नाही, किंकाळी नाही. लहान मूल पाळण्यातून पडताना पाहिल्यावर बाईमाणसाच्या पोटातून निघतो तसा. ती लॅबमध्ये धावली. बरणीत कोपरापर्यंत हात घातला. चकत्या टेबलभर सांडल्या. ती बाहेर आली, धावत, पदार्थ करपल्यावर स्वयंपाकघराकडे धावतात तशी, आणि ब्लोअरच्या पेटीशी गुडघ्यांवर पडली.

तिच्या ओल्या मुठीत किल्ली होती.

कुलूप टक्कन उघडलं.

"पुरे," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या आणि तिचा हात धरला. बटणापासून वीतभर अलीकडे. "हरवलेली किल्ली सापडली वाटतं."

*

"सुरू करा," ताई म्हणत होती. "आधी सुरू करा, मग काय ते बोला."

"आधी बोलणार," बाई म्हणाल्या. "मालक, तुम्हीही ऐका. मी वर आले तेव्हा मला ओल्या मातीचा वास आला. तिथेच अडले. जावयांनी संध्याकाळी हवा बंद केली आणि ते बुडाले, मग हवा रात्रभर बंद राहिली, असं हे सगळं मांडलेलं दिसत होतं. तसं असतं तर सकाळी हा आत्ताचा वास यायला हवा होता. अर्ध्या दिवसात हे असं होतं. मग अख्ख्या रात्रीत काय होईल? पण थर ताजा होता. म्हणजे हवा रात्रभर सुरू होती."

"पण किल्ली तर बापूंच्या गळ्यात..." मालक.

"एक. म्हणून दुसरी हवीच होती. आता सांगा, पदकं मिळवलेला माणूस शिडीपासून हातभर अंतरावर बुडतो कसा? वर पाटी आहे, वाचता येत असेल तर वाचा. बुडबुड्यांनी भरलेलं पाणी माणसाला पेलत नाही. कितीही हातपाय मारा, दगड जातो तसे तुम्ही तळाला. ते आत असताना कुणीतरी हवा सोडली. ओरडले असतील, पण ब्लोअरच्या आवाजात कोण ऐकणार?"

मालकांनी कान झाकले.

"मारायला काही मिनिटं पुरे होती. खुनी माणसाने लगेच हवा बंद केली असती आणि घर गाठलं असतं. या खुन्याला ते जमलं नाही. जिवाणू गुदमरतील ना! म्हणून हवा तशीच ठेवली. तुमचा जावई रात्रभर त्या चकत्यांबरोबर घुसळत राहिला, कातडी सोलवटेपर्यंत. पहाटे हिने त्यांना युरिया घातला, जेवू घातलं, आणि तुम्ही फेरीला यायच्या जरा आधी हवा बंद केली. जेमतेम, पोरांना त्रास होणार नाही इतकीच. बरोबर, ताई?"

ताईचे डोळे बटणावर होते. "मी त्यांना सांगितलं, जाळी तुंबलीय सर, तुमच्याशिवाय कुणाला जमणार? लगेच टोपी घालून आले." ती किंचित हसली. "ब्लीच ओतणार होते. एका बादलीत सगळे. माझे सगळे. आणि आत उतरताना मला म्हणाले, शेवटचं बघून घे तुझ्या शेवाळाला."

"याने कबुली दिली," बाईंनी भाऊकडे बोट केलं, "पण याला हवा रात्रभर सुरू होती हेच ठाऊक नव्हतं. म्हणजे हा इथे नव्हताच. सकाळी आला, दाणे पाहिले आणि समजला. दाणे पायाखाली झाकून उभा राहिला. तुमच्यासाठी जन्मठेपेला निघाला होता. आणि तुम्ही मला आज दिवसभरात हवेबद्दल किती वेळा विचारलंत, आठवतंय? त्याच्याबद्दल एकदाही नाही."

"तो सुटला असता," ताई घाईघाईने म्हणाली. "माणसं सुटतात. हे मेले की मेले. मॅडम, कबूल केलं ना मी? आता सुरू करा!"

बाईंनी हवालदारांना खूण केली. भाऊच्या बेड्या निघाल्या आणि ताईच्या हातात पडल्या. ताईच्या मुठीतली किल्ली बाईंनी काढून घेतली, कुलूप पुन्हा लावलं आणि किल्ली भाऊच्या तळहातावर ठेवली.

"पंचनामा झाला. पेटी तुझी, काम तुझं. मला त्यातलं कळत नाही."

"कर रे सुरू," ताई म्हणाली. पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे पाहिलं. "बाळा, आधी थोडी हवा सोड, एकदम नको. मग वाढवत ने. तुला शिकवलंय ना मी?"

भाऊ मनगट चोळत उभा राहिला.

"ताई, मला अंगणातून नेत होते. मी वर बघितलं. दोनदा. तू काय बघत होतीस?"

"हे आत्ता कशाला? काळ्या पडतायत त्या!"

"काय बघत होतीस, ताई?"

तिची नजर पुन्हा हंड्याकडे गेली.

भाऊ जिन्याकडे वळला. एकेक पायरी चढत वर गेला, कठड्याशी थांबला आणि हात पुढे करून मूठ उघडली. किल्ली चकत्यांवर पडली. क्षणभर तिथेच राहिली, ऊन लागून चमकली. मग दोन चकत्या बाजूला सरकल्या आणि ती आत गेली.

"अरे, गिरणी बंद पडेल!" मालक किंचाळले. "दुसरी किल्ली बापूंबरोबर शवागारात गेली! फोडा कुलूप! हातोडा आणा कुणीतरी!"

कुणीही हललं नाही. बाईसुद्धा.

आणि तेव्हा ताई ओरडली. भावाच्या हातात बेड्या पडल्या तेव्हा जी किंकाळी यायला हवी होती ती आता आली, पूर्ण, घसा फाटेपर्यंत. जीपचं दार बंद झालं तरी ऐकू येत होती.

भाऊ वरच बसून राहिला, पाय खाली सोडून. त्याने नाकाला रुमालही लावला नाही. संध्याकाळ होईपर्यंत हंडा काठोकाठ काळा झाला होता.